काढता-घालता येणाऱ्या कव्हरचा प्रोफाइल लाइट कसा बनवावा

लातूरच्या एका अभ्यासिकेत मी जानेवारीत चौदा प्रोफाइल लाइट बसवले. ॲल्युमिनियमची लांब पन्हाळी (हिलाच प्रोफाइल म्हणतात), आत एलईडीची पट्टी आणि त्यावर दुधी प्लास्टिकचं कव्हर. कव्हर अगदी मापात कापलं होतं, टोकाला कागदही जाणार नाही इतकं. एप्रिल संपता संपता दुपारी फोन आला. जाऊन बघतो तर वर पत्रा तापलेला आणि दोन लाइटची कव्हरं मधोमध फुगून धनुष्यासारखी खाली लोंबलेली. तिसरं निसटून थेट टेबलावर पडलं होतं. मुलं जेवायला गेली होती म्हणून कुणाला लागलं नाही.

त्याच दिवशी झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला जिन्यातला जुना लाइट दाखवला. त्याचं कव्हर कुणीतरी सिलिकॉनने कायमचं चिकटवलेलं होतं. आत आदल्या पावसाळ्यातल्या किड्यांची बोटभर रुंद काळी रेघ साचली होती आणि उजेड निम्माही उरला नव्हता. मावशी म्हणाल्या, "दादा, झाकण निघतच नाही तर पुसू कुठून?"

एक कव्हर आपोआप पडत होतं आणि दुसरं काही केल्या निघत नव्हतं. तेव्हापासून मी लाइट कव्हरापासून आखायला घेतो. पट्टी, प्रोफाइल, ड्रायव्हर (घरातली २३० व्होल्टची वीज पट्टीला लागेल इतकी उतरवणारं उपकरण) हे सगळं नंतर. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, वाऱ्यासोबत काळ्या मातीची धूळ येते आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की पंखवाल्या किड्यांचे थवे दिव्यावर झेपावतात. कव्हर सहज निघणारा आणि निघेपर्यंत घट्ट बसणारा लाइटच इथे टिकतो. साडेसहा फूट, म्हणजे जवळपास २ मीटर लांब अभ्यासाच्या टेबलावर टांगायचा एक लाइट उदाहरणाला घेऊन सगळं काम सांगतो.

कव्हर आधी निवडा

बाजारात दोन प्रकारची कव्हरं मिळतात. एक टोकाकडून सरकवून घालायचं, दुसरं समोरून दाबून बसवायचं. सरकवायचं कव्हर दिसायला छान असतं, पण ते काढायला लाइटच्या टोकापुढे तेवढीच लांब जागा मोकळी लागते. लाइट दोन भिंतींच्या मध्ये आला की २ मीटरचं कव्हर बाहेर काढायला जागाच नसते, अख्खा लाइट उतरवावा लागतो. म्हणून घरासाठी आणि अभ्यासिकेसाठी मी दाबून बसणारंच घेतो.

दुकानात प्रोफाइलचा वीतभर तुकडा आणि त्याचं कव्हर मागा आणि तिथेच काउंटरवर दहा वेळा बसवून काढून बघा. बसताना अंगठ्याखाली 'टक्' असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. काढताना एका टोकाला नख घालून ओढल्यावर केळीची साल निघावी तसं ते ओळीने सुटत आलं पाहिजे. पहिल्याच वेळी स्क्रू ड्रायव्हर घालावा लागला तर तो नग परत करा. दहाव्या वेळी पकड सैल वाटली तरी परत करा.

कव्हरचं प्लास्टिक कुठलं आहे तेही विचारा. पॉलिकार्बोनेट लवचिक असतं, वारंवार काढलं-घातलं तरी त्याची कड तुटत नाही. ॲक्रिलिकमधून उजेड थोडा जास्त येतो आणि उन्हाने ते पिवळं पडत नाही, पण ते ठिसूळ असल्यामुळे दाबताना तडकतं. सारखं काढायचं कव्हर पॉलिकार्बोनेटचं घ्यावं. फक्त ते थेट उन्हात येणार असेल तर युव्ही संरक्षण असलेलंच मागा, नाहीतर काही वर्षांत पिवळं पडेल. पॉलिस्टायरिनची स्वस्त कव्हरंही मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

ठिपके दिसू नयेत म्हणून

दुधी कव्हर लावूनही आतले एलईडी मोत्यांच्या माळेसारखे वेगवेगळे दिसतात अशी तक्रार बरेच जण करतात. तिथे अडचण प्रोफाइलच्या खोलपणाची असते. दोन एलईडींमधलं अंतर जेवढं, निदान तेवढं अंतर पट्टी आणि कव्हर यांच्यात हवं. दीडपट असलं तर उत्तमच. मीटरमध्ये १२० एलईडी असलेल्या पट्टीत दोन ठिपक्यांत सुमारे ८ मिमी अंतर पडतं, म्हणून प्रोफाइल आतून किमान ८, शक्यतो १२ मिमी खोल घ्या. ६० एलईडीच्या पट्टीत हेच अंतर साडेसोळा मिमीच्या वर जातं. ती उथळ प्रोफाइलमध्ये घातली की ठिपके दिसणारच, कव्हर कितीही दुधी असो. खोल प्रोफाइलला जागा नसेल तर सीओबी पट्टी घ्या. तिच्यात एलईडी इतके दाट असतात की उजेडाची सलग रेघच दिसते.

आमच्या उदाहरणासाठी २४ व्होल्टची, मीटरला १० वॅटची, १२० एलईडीची पट्टी धरू. १२ व्होल्टचीही मिळते, पण तेवढ्याच वॅटला तिच्यातून दुप्पट करंट वाहतो. त्यामुळे लांब पट्टीत शेवटच्या टोकाचा उजेड मंद पडतो. अभ्यासाला ४००० केल्विनचा पांढरा उजेड बरा. ओसरीवर किंवा दारात लावायचा असेल तर ३००० केल्विनचा पिवळसर घ्या, त्यावर किडे तुलनेने कमी येतात. साडीच्या दुकानात रॅकला लावायचा असेल तर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा त्याहून जास्त बघून घ्या, नाहीतर पैठणीचा काठ दुकानात एका रंगाचा आणि उन्हात दुसऱ्याच रंगाचा दिसतो.

मीटरला १० वॅट म्हणजे साधारण हजार ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप). दुधी कव्हर त्यातला पाव भाग किंवा थोडा जास्त खातं. लाइट टेबलाच्या पृष्ठभागापासून सुमारे अडीच फुटांवर टांगला तर मधल्या भागात ३५० ते ४०० लक्स (टेबलावर पडणाऱ्या उजेडाचं माप) मिळतो. वाचण्या-लिहिण्याला ३०० ते ५०० लक्स पुरतात. टोकांना उजेड कमी होतो, म्हणून लाइट टेबलापेक्षा आखूड घेऊ नका.

कव्हर कापताना एक सूत सोडा

माझी चूक इथे झाली होती, म्हणून हे सविस्तर सांगतो. तापल्यावर ॲल्युमिनियम वाढतं, आणि पॉलिकार्बोनेट त्याच्या जवळपास तिप्पट वाढतं. जानेवारीच्या सकाळी १५ अंश असताना कापलेलं २ मीटरचं कव्हर पत्र्याखाली, आतल्या एलईडीच्या उष्णतेसकट ५० अंशांवर गेलं, तर सुमारे साडेचार मिमी लांबतं. त्याच वेळी प्रोफाइल जेमतेम दीड मिमी वाढतं. उरलेल्या ३ मिमींना कुठे जायचं? दोन्ही टोकं एन्ड कॅपने, म्हणजे टोकाच्या टोपीने, अडवलेली असतात, म्हणून कव्हर मधून फुगतं आणि खाचेतून सुटतं.

३ मिमी म्हणजे आपल्या सुताराचं जवळपास एक सूत. २ मीटरच्या लाइटला थंडीत कव्हर कापत असाल तर प्रोफाइलपेक्षा एक सूत आखूड कापा आणि बसवताना दोन्ही टोकांना अर्धं-अर्धं सोडा. लाइट १ मीटरचा असेल तर अर्धं सूत पुरे. ३ मीटरचा असेल तर दीड सूत. मे महिन्यात भर दुपारी कापत असाल तर कव्हर आधीच वाढलेलं असतं, तेव्हा जवळपास मापात कापलं तरी चालतं. मात्र थंडीत ते आकसून टोकाला फट पडेल, हे लक्षात ठेवा. म्हणून एन्ड कॅप घेताना जिची कड कव्हरावर दोन-तीन मिमी चढते तीच घ्या. फट त्या कडेखाली झाकली जाते आणि किड्यांनाही वाट मिळत नाही.

कापायला बारीक दात्यांचं हॅक्सॉ ब्लेड वापरा. कव्हर प्रोफाइलमध्ये बसवूनच कापलं तर ते थरथरत नाही आणि कड चिरत नाही. चौकोनी खूण गुण्याने करा. कापल्यावर ॲल्युमिनियमची कड कानशीने आणि प्लास्टिकची पॉलिश पेपरने साफ करा. ॲल्युमिनियमचा एखादा बारीक कीस आत राहिला तर तो पट्टीवरच्या सोल्डरच्या दोन टाक्यांमध्ये पडून शॉर्ट करू शकतो. म्हणून प्रोफाइल उलटं करून ठोका, मगच पुढे जा.

एका टोकाला कव्हराच्या कडेत नखाएवढी खाच कानशीने पाडून ठेवा. मावशींचं बोट कुठे घालायचं हे त्या खाचेवरून कळतं. अभ्यासिकेतल्या सगळ्या लाइटना मी ही खाच दाराच्या बाजूच्या टोकाला पाडली, म्हणजे पुसणाऱ्याला शोधावी लागत नाही.

पट्टी आणि ड्रायव्हर

प्रोफाइलचा तळ स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या. तेलकट तळावर पट्टी चिकटत नाही आणि सुटलेल्या पट्टीची उष्णता ॲल्युमिनियममध्ये उतरत नाही. पट्टी कात्रीच्या खुणेवरच कापा, मध्ये कापली तर तेवढा तुकडा बंद पडतो. टाका सोल्डरचा द्या. दाबून बसवायचे कनेक्टर धुळीत आणि दमटपणात काही महिन्यांत कुरकुरायला लागतात. चिकटवण्याआधी पट्टी पेटवून बघा, पण गुंडाळी पूर्ण उलगडून. गुंडाळी तशीच ठेवून पेटवली तर ती भराभर तापते.

दोन मीटरला २० वॅट लागतात, तर ड्रायव्हर २४ व्होल्ट, ३० वॅटचा घ्या. काठोकाठ क्षमतेवर चालणारा ड्रायव्हर लवकर जातो. त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक छापलेला हवा, तो R ने सुरू होतो आणि सोबत आयएस १५८८५ लिहिलेलं असतं. ड्रायव्हर प्रोफाइलच्या आत किंवा पत्र्याला लागून कधीच ठेवू नका. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. भिंतीवर, हात पोचेल अशा उंचीवर, हवा खेळती राहील अशा डबीत तो बसवा. एलईडीपेक्षा ड्रायव्हरच आधी जातो, आणि तो बदलायला शिडी लागू नये.

ड्रायव्हरपासून लाइटपर्यंतचे २४ व्होल्ट तुम्ही स्वतः जोडू शकता. ड्रायव्हरची २३० व्होल्टची बाजू मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. काम करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असू शकतं, म्हणून एमसीबी खाली करा आणि टेस्टर लावून खात्री करा. प्रोफाइल धातूचं आहे, त्याला अर्थिंग द्यायचं की नाही हे ड्रायव्हरवर दिलेल्या सूचनेप्रमाणे वायरमनला ठरवू द्या.

वायर जिथून प्रोफाइलमध्ये शिरते त्या भोकात रबराचं वायसर बसवा. वायर घासत नाही आणि किडेही आत जात नाहीत. सिलिकॉन लावायचंच असेल तर फक्त इथे. कव्हराच्या कडेला एक थेंबही नको.

टांगणं

छताला स्लॅब असेल तर भोक पाडून गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लग) ठोका आणि स्टीलच्या बारीक दोरीने दोन जागी टांगा. दोन्ही जागा टोकापासून लांबीच्या पाचव्या हिश्शावर घ्या, म्हणजे लाइट मधून झुकत नाही. पाणसळ लावून बघा. जुन्या माळवदाच्या घरात थेट तुळईला आकडे मारता येतात, पण तिथे वरून सतत माती झिरपते. माळवदाखाली वरच्या दिशेला उजेड टाकणारा लाइट लावू नका, आठवड्यात कव्हरावर मातीचा थर बसतो.

लाइट लिहिणाऱ्याच्या डोक्यामागे येता कामा नये, नाहीतर वहीवर स्वतःचीच सावली पडते. वहीच्या वरच्या कडेच्या किंचित पुढे यावा.

माणसं खाली बसणार असतील तर एक काम विसरू नका. मासे धरायच्या तंगुसाचा वीतभर तुकडा घ्या. एक टोक कव्हराच्या कडेत पाडलेल्या बारीक भोकात आणि दुसरं प्रोफाइलच्या स्क्रूला बांधा. कव्हर कधी सुटलंच तर एका बाजूने लोंबकळत राहतं, डोक्यावर पडत नाही. पुसतानाही हेच तंगूस उपयोगी पडतं, दुसऱ्या हातात कव्हर धरून स्टुलावर उभं राहावं लागत नाही.

पुसणं

वर्षातून तीनदा कव्हर काढा. होळीनंतर धुळीसाठी, श्रावणात किड्यांसाठी आणि दिवाळीच्या साफसफाईत. आधी लाइट बंद करून दहा मिनिटं थांबा. खाचेत बोट घालून एका टोकाकडून सोलत या, मधून ओढू नका. किडे आधी मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने सुरुवात केली तर त्यांचा चिखल दुधी प्लास्टिकवर पसरतो. मग साबणाच्या पाण्यात पिळलेलं सुती फडकं फिरवा. थिनर, पेट्रोल, काच पुसायचे स्पिरिट हे पॉलिकार्बोनेटला लावू नका, त्याला बारीक तडे जातात. आतल्या पट्टीला ओलं फडकं लावायचं नाही, तिथे फक्त ब्रश.

बसवताना एक टोक दाबा, मग अंगठा सरकवत पुढे जा आणि प्रत्येक वीतभर 'टक्' ऐका. शेवटी दोन्ही टोकांची फट सारखी आहे का ते बघा. एकीकडे जास्त सरकलं असेल तर हळूच मागे ढकला.

सगळं झालं की ड्रायव्हरच्या डबीच्या झाकणावर आतून मार्करने लिहून ठेवा: पट्टी २४ व्होल्ट, मीटरला १० वॅट, ४००० केल्विन. प्रोफाइल २००० मिमी. कव्हर पॉलिकार्बोनेट, दाबून बसणारं, १९९७ मिमी, जानेवारीत कापलं. पाच वर्षांनी कव्हर फुटलं तर नवं आणायला जाणाऱ्याने फक्त या झाकणाचा फोटो दुकानात दाखवायचा.