जुनी लष्करी पदके : चेहरा नंतर, कड आधी

सोलापुरात जुने लष्करी पदक हाती येते ते बहुधा तीन ठिकाणांहून. सराफाच्या मोडीच्या डब्यातून, आठवडे बाजारात चावी-कुलपांच्या ढिगातून, नाहीतर वाड्याची वाटणी होताना उघडलेल्या ट्रंकेतून. नवखा माणूस राजाचा मुखवटा पाहतो, तारीख पाहतो आणि भाव विचारतो. तो मुखवटा लाखो पदकांवर एकसारखाच आहे. पदक कोणाचे हे सांगणारी जागा म्हणजे त्याची कड, आणि पहिले सहा महिने फक्त कड वाचायला शिकण्यात घालवले तरी चालतील.

सुरुवात पहिल्या महायुद्धाच्या तीन पदकांपासून करावी, कारण आपल्या भागात तीच जास्त सापडतात. 1914-15 स्टार काशाचा, वर मुकुट असलेला, नाव मागच्या सपाट बाजूवर. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे, 36 मिलिमीटर व्यासाचे, एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार आणि 1914 व 1918 ही साले. व्हिक्टरी मेडल सोनेरी मुलामा दिलेल्या काशाचे, पुढे पंखवाली विजयदेवता, रिबन इंद्रधनुषी. या दोन्ही गोल पदकांवर नाव कडेला.

आता यातला नियम पाठ करावा. स्टार मिळाला त्याला बाकीची दोन्ही मिळाली. व्हिक्टरी मिळाले त्याला ब्रिटिश वॉर मेडल मिळालेच. उलट मात्र नाही, चांदीचे ते एकटे मिळू शकत होते. तेव्हा बाजारात व्हिक्टरी एकटेच दिसले की समजावे, जोडीचे चांदीचे कुठेतरी मुशीत गेले. पितळेसारखे दिसणारे कोणी वितळवत नाही, चांदीला गिऱ्हाईक रोज असते. 1979-80 मध्ये चांदीचा भाव भडकला तेव्हा जगभर ही पदके हजारोंनी वितळली. म्हणून सराफाशी ओळख वाढवणे हे या छंदातले सगळ्यात उपयोगी काम. मोडीत पदक आले की मुशीत घालण्याआधी एक फोन करा, चांदीच्या भावावर थोडे चढवून देऊ, एवढे सांगून ठेवले तरी पुष्कळ.

सराफाकडे आणखी एक अडचण येते. ब्रिटिश वॉर मेडलवर चांदीचा छाप नसतो. छाप नाही म्हणून तो कसोटीवर घासायला घेतो, आणि घासायला सोयीची जागा म्हणजे नेमकी कड! दोन अक्षरे तिथेच जातात. टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, पाहायचाच असेल तर मशीनवर पाहावा. तो 92.5 च्या आसपास यावा, वजन साधारण एक औंस, म्हणजे 31 ग्रॅमच्या जवळपास भरावे. हेच पदक तांब्याच्या रंगाचे मिळाले तर ते नकली म्हणून फेकू नये. मजूर तुकड्यांतल्या आणि लष्करामागून जाणाऱ्या नोकरवर्गातल्या अनेकांना ते काशाचे दिले गेले. त्यांची संख्या चांदीच्या पदकांपेक्षा कितीतरी कमी आहे.

कड वाचण्याची पद्धत अशी. 10 पटीचे भिंग, बारीक टॉर्च आणि व्हर्निअर कॅलिपर एवढे सामान पुरते. पदक टेबलावर मऊ कापडावर उभे धरावे आणि प्रकाश समोरून न टाकता बाजूने, जवळजवळ आडवा टाकावा. मग पुसट अक्षरांच्याही सावल्या उठतात. पदक हळूहळू फिरवत सहा-सात फोटो काढावेत. ओळ साधारण अशी सापडते : शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. हुद्दा बहुधा तोडून लिहिलेला असतो. सिपॉय, नाईक, हवालदार, स्वार, ड्रायव्हर, फॉलोअर हे नेहमीचे. नाव कारकुनाच्या कानाला जसे लागले तसे रोमन लिपीत ठोकलेले असते, म्हणून जाधव आणि पवार यांची चार-चार स्पेलिंगे गृहीत धरून शोधावे. गावाचे नाव कडेवर नसते. ते विक्रेता सांगतो तेव्हा कागद मागावा.

फिरवताना कडेवर एखादा पट्टा उथळ, गुळगुळीत, बाकीच्यापेक्षा जास्त चकचकीत दिसला की थांबावे. जुने नाव घासून नवे टाकलेले असू शकते. कॅलिपरने चार-पाच दिशांनी व्यास मोजावा. मूळ 36 आणि इथे कुठे 35.6 किंवा 35.5 भरत असेल तर कानस फिरली आहे. अक्षरे ठोकलेली की कोरलेली हेही पाहावे. ठोकलेल्या अक्षराच्या खाचेचा तळ सपाट आणि सगळीकडे सारखा खोल असतो, हाताने कोरलेल्यात छिन्नीची वळणे दिसतात. दोन्ही प्रकार खरे असू शकतात, पण एकाच ओळीत दोन्ही असतील तर सौदा सोडावा. ओतीव नक्कल ओळखायला तोच कॅलिपर चालतो. अस्सल पदकावरून साचा घेऊन ओतलेली धातू थंड होताना आकसते, म्हणून नक्कल किंचित लहान भरते, पृष्ठभागावर बारीक फोड असतात, आणि कडेवर शिवण किंवा ती घासल्याच्या खुणा राहतात. लोहचुंबकही खिशात ठेवावे. चांदी, कासे, क्युप्रोनिकेल (तांबे-निकेलचा मिश्रधातू) यांतले काहीच त्याला चिकटत नाही.

पलटणीचे नाव आणि पदकाचा काळ जुळतो का, ही दुसरी परीक्षा. इथे मराठा पलटणींचा हिशेब सोपा आहे. 1903 च्या फेररचनेत मुंबई इलाख्याच्या पायदळाच्या नंबरांत 100 मिळवले गेले. 3 री बॉम्बे 103 झाली, 10 वी 110, 17 वी 117. 1922 मध्ये 103, 105, 110, 116 आणि 117 मिळून 5 वी मराठा लाइट इन्फंट्री झाली, 114 तिची प्रशिक्षण बटालियन. तेव्हा 1895 च्या इंडिया मेडलवर ‘पंजाब फ्रंटियर 1897-98’ ही पट्टी (रिबनवरची आडवी धातूची क्लास्प) आणि कडेवर ‘103 मराठा’ असेल तर गडबड आहे, कारण त्या वर्षी ती पलटण त्या नंबराने ओळखलीच जात नव्हती. 103, 110 आणि 117 या तिन्ही पलटणी 1916 मध्ये मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. त्यामुळे या तिन्हींच्या पदकांवर डोळा असणारे बरेच, आणि कड बदलण्याचा मोहही तिथेच जास्त.

या पट्टीवर मोहिमेचे नाव असते. 1908 च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलला अशा 12 पट्ट्या होत्या. मागच्या बाजूला जमरूदचा किल्ला, रिबन हिरवी आणि मधे निळा पट्टा. सोलापूरकराला एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. मे 1818 मध्ये इंग्रज सेनापती मन्रोने सोलापूर घेतले, पण 1803 ते 1826 च्या लढायांसाठी 1851 मध्ये दिलेल्या आर्मी ऑफ इंडिया मेडलच्या 21 पट्ट्यांत सोलापूर नाही. किरकी, पूना, कोरेगाव, असीरगड आहेत. तसेच सोलापुरातल्या 1930 च्या मार्शल लॉचीही पट्टी 1908 च्या पदकावर नाही. त्यावर 1930 साल येते ते वायव्य सरहद्द आणि ब्रह्मदेशाच्या पट्ट्यांवर. तेव्हा ‘सोलापूर’ लिहिलेली पट्टी दाखवून कोणी भाव चढवू लागला तर चहा प्यावा आणि उठावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांत ब्रिटिश शिपायांची बिननावाची, पण भारतीय सैन्याला दिलेल्यांवर नाव बहुधा असते, स्टारवर मागे आणि गोल पदकावर कडेला. संच तपासताना एक खूण लक्षात ठेवावी : बर्मा स्टार आणि पॅसिफिक स्टार एकाच माणसाला मिळत नसत, दुसऱ्याऐवजी पट्टी मिळे. एकाच बारवर (पदके शेजारी-शेजारी टांगायच्या दांडीवर) दोन्ही स्टार दिसले तर तो संच दुकानात जुळवलेला. 1914 स्टार आणि 1914-15 स्टार हेही एकाच माणसाला मिळत नसत. रिबन बदललेली असणे मात्र फसवणूक नव्हे, ती झिजते आणि बदलावीच लागते. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली लख्ख उजळली तर अलीकडची, एवढेच.

घरातून पदक घेताना घाई करू नये. देवघरात ठेवलेले असेल तर हळदकुंकू आणि तेलाचा थर असतो, दसऱ्याला चिंच-रांगोळीने घासलेले असते, कधी सोनाराने कडी झाळून गळ्यातले केलेले असते. आजींना आधी विचारावे, “सोबत कागद होते का हो?” डिस्चार्जचा कागद, पेन्शनबुक, गणवेशातला फोटो यांतले काही निघाले तर पदकाइतकेच सांभाळावे. तीन भावांनी तीन पदके वाटून घेतलेली असतील तर एक विकत घेण्याऐवजी तिन्हींच्या कडांचे फोटो एकत्र करून त्यांनाच द्यावेत. एकदा तुटलेला संच पुन्हा जुळत नाही.

साफसफाईत नवखे लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात. भांडी घासायची पावडर, लिंबू, सिल्व्हर डिप, काहीही लावायचे नाही. डिस्टिल्ड पाणी, मऊ सुती कापड, हलका हात, मग नीट कोरडे करणे. मळकट काळपट थर असू द्यावा. चकचकीत केलेल्या पदकावरचे उठाव झिजतात आणि जाणकार गिऱ्हाईक तेच आधी पाहते. ठेवताना पीव्हीसीची मऊ पाकिटे टाळावीत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पत्र्याखालची खोली भाजून निघते तेव्हा ती चिकट होतात आणि पदकावर हिरवट डाग पडतात. पॉलिएस्टरची पाकिटे किंवा आम्लरहित कागद घ्यावा. रबरबँड कपाटाबाहेर ठेवावा, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

माहिती शोधताना युद्धात मेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नावांची यादी फुकट पाहता येते. जुन्या मोहिमांचे पदकरोल, म्हणजे पदके मिळालेल्यांच्या याद्या, लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आणि ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. साध्या हिंदी शिपायाची स्वतंत्र कार्डे क्वचितच सापडतात, म्हणून नंबर आणि पलटण अचूक उतरवलेली हवी.

आणि कायदा. 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. पहिल्या महायुद्धाची पदके आता शंभरीपार गेली आहेत. परदेशी ग्राहकाने कितीही भाव दिला तरी पार्सल करू नये.