संस्थेला सरकारी अनुदान हवंय? मग अर्जाच्या आधी कपाटातली फाईल काढा

आमच्या मंडळाचे अध्यक्ष वारले त्याला चार वर्षं झाली होती आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या कागदावर मात्र ते अजून अध्यक्षच होते. हे आम्हाला कधी कळलं, तर अनुदानाच्या अर्जाला शेड्युल वनची (धर्मादायकडच्या आपल्या संस्थेच्या नोंदीचा उतारा) ताजी नक्कल जोडायची वेळ आली तेव्हा, आणि मुदत संपायला राहिले होते नऊ दिवस. अर्ज राहिला. प्रपोजल मी तीन रात्री जागून लिहिलं होतं, फोटोबिटो लावून, ते अजून माझ्या लॅपटॉपवर पडलंय.

तेव्हापासून कोणी विचारलं की अनुदानासाठी काय करायचं, तर मी आधी विचारतो, चेंज रिपोर्ट, म्हणजे संस्थेतल्या बदलांची धर्मादायला द्यायची माहिती, भरलाय का? प्रपोजल नंतर.

आधी कागद

महाराष्ट्रात बहुतेक संस्थांचं रजिस्ट्रेशन दुहेरी असतं, १८६० च्या सोसायटी कायद्याखाली (किमान सात सभासद लागतात) आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, त्याचा नोंदणी क्रमांक म्हणजे एफ नंबर. दोन्ही सर्टिफिकेटं वेगळी असतात, दोन्ही लागतात. बऱ्याच जणांकडे एकाचीच झेरॉक्स असते आणि मूळ प्रत "जुन्या सेक्रेटरींकडे" असते.

विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली, कोणी वारलं, राजीनामा दिला, पत्ता बदलला, की ९० दिवसांत कलम २२ खाली चेंज रिपोर्ट द्यायचा. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज वेगळा. आणि मधल्या एका निवडणुकीचा रिपोर्ट राहिला असेल तर पुढचे सगळे अडकतात, कारण साहेब विचारणारच की या लोकांना निवडलं कोणी, ज्यांनी मीटिंग बोलावली ते तरी रेकॉर्डवर होते का. म्हणून राहिलेले रिपोर्ट जुन्यापासून सुरू करून क्रमाने लावायचे. वेळ लागतो, काही ठिकाणी महिने जातात, त्यामुळे योजनेची जाहिरात येण्याची वाट बघत बसू नका, आजच सुरुवात करा.

चेंज रिपोर्टचा जीव प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभांच्या नोंदवहीत असतो. मीटिंगची नोटीस, ती मिळाल्याच्या सह्या, हजेरी, ठराव, सूचक आणि अनुमोदक. आमच्या बुकात एका वार्षिक सभेच्या पानावर फक्त "सभा खेळीमेळीत पार पडली" एवढंच होतं, खाली चहाच्या कपाचा गोल डाग. खेळीमेळीत पार पडली हे छानच, पण निवडून कोण आलं?

दुसरी गोष्ट ऑडिट. ३१ मार्चला वर्ष संपतं, सहा महिन्यांत म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ऑडिट रिपोर्ट धर्मादायकडे ऑनलाइन गेला पाहिजे. अनुदान देणारे साधारण मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागतात. उलाढाल अठरा हजाराची असेल तरी ऑडिट करा, "आमच्याकडे पैसेच नव्हते तर ऑडिट कशाला" हे वाक्य मी किमान दहा संस्थांमधून ऐकलंय.

मग आयकर. संस्थेच्या नावाचं पॅन (अध्यक्षांचं चालत नाही, हो, लोक लावतात), बारा-ए म्हणजे नंतरचं १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफीची नोंदणी), आणि ऐंशी-जी (देणगीदारांना करसवलतीची). नवीन संस्थेला आधी तात्पुरती नोंदणी मिळते, ती तीन वर्षांची, आणि मग पक्की करून घ्यायला पुन्हा अर्ज करावा लागतो. हा दुसरा अर्ज विसरणारे खूप, कारण पहिलं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं आणि त्यावरची तारीख कोणी वाचत नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला, कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे जुने फॉर्म डोळे झाकून भरू नका, सीएला विचारून घ्या. बोलताना मात्र सगळे बारा-ए आणि ऐंशी-जीच म्हणतात.

शेवटचं दर्पण. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंदणी केली की एक युनिक आयडी मिळतो, केंद्राच्या अनुदानाला तो लागतोच. फुकट आहे. त्यासाठी पदाधिकाऱ्यांचे पॅन आणि आधार लागतात आणि नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे जुळावं लागतं, इथे आमच्या खजिनदार काकूंचं माहेरचं नाव पॅनवर, सासरचं आधारवर. त्यात एक महिना गेला.

योजना शोधताना उलटं बघा

लोक आधी योजना बघतात आणि मग संस्था त्यात बसवतात. उलटं करा, संस्थेची घटना, म्हणजे तिचे उद्देश आणि नियम असलेला कागद काढा आणि उद्देशांचं पान वाचा. ज्येष्ठ नागरिकांसाठी काम करायचंय पण उद्देशांत फक्त "क्रीडा व सांस्कृतिक" लिहिलंय, तर अर्ज तिथेच अडतो, आधी घटनादुरुस्ती करावी लागेल.

ढोबळ माहिती अशी. वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती अशी कामं केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाकडे, ज्येष्ठांसाठी अटल वयो अभ्युदय योजना आहे, अर्ज ई-अनुदान पोर्टलवर. नाटक, लोककला, महोत्सव असेल तर संस्कृती मंत्रालय. वाचनालय असेल तर राज्याचं ग्रंथालय संचालनालय आणि त्याशिवाय कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, ते १९७२ पासून आहे आणि पुस्तकं, कपाटं, इमारत यासाठी मदत करतं. महिला-बालकांचं काम असेल तर जिल्ह्यातलं महिला व बालविकास कार्यालय. एकदा प्रत्यक्ष जाऊन तिथल्या क्लार्कशी बोला, वेबसाइटवर महिनाभर फिरून कळत नाही ते तिथे दहा मिनिटांत कळतं.

सीएसआर (कंपन्यांचा समाजकामाचा निधी) हा सरकारी पैसा नाही, पण विचारतात म्हणून सांगतो. ज्या कंपनीची नेट वर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. तो घ्यायला संस्थेचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन लागतं, हे एप्रिल २०२१ पासून. परदेशातल्या भाच्याने डॉलर पाठवतो म्हटलं तर थांबा, भाचा परदेशी नागरिक झाला असेल तर तो पैसा एफसीआरएच्या (परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या) परवानगीशिवाय खात्यात घेता येत नाही, आणि एफसीआरएचं मुख्य खातं स्टेट बँकेच्या दिल्लीच्या शाखेतच काढावं लागतं.

बजेट

प्रपोजलमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. समस्या, उद्दिष्टं, हे सगळे सारखंच लिहितात, "समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी" हे वाचून वाचून तपासणाऱ्याचे डोळे थकलेले असतात. बजेट मात्र तो नीट वाचतो. "प्रवासखर्च १०,००० रुपये" असं लिहू नका. २ कार्यकर्ते, ३ गावं, प्रत्येक गावाला ४ फेऱ्या, एसटीचं जाऊन-येऊन ६० रुपये, म्हणजे १,४४० रुपये. आकडा लहान झाला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, हा आकडा कोणी कापत नाही. दहा हजाराचे मात्र पाच हजार होतात.

काही योजनांत संस्थेने स्वतःचा हिस्सा घालायचा असतो, तो कुठून येणार ते आधी ठरवा. आणि त्याच कामाला दुसरीकडून पैसे घेतले असतील तर लपवू नका, अर्जातच सांगा.

कार्यकारिणीचा ठरावही जोडा, अर्ज करायचा आणि सह्या कोणी करायच्या याचा. तपासणीला अधिकारी येतात तेव्हा बोर्ड, रजिस्टर, हजेरी बघतात, त्या दिवसापुरती माणसं गोळा करू नका, अनुभवी माणसाला ते दारातच कळतं.

"अनुदान मिळवून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारे लोक भेटतील. कार्ड छान असतं, मंत्रालयातले फोटो असतात. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा, उद्या हिशोब मागितला तर सही तुमची असणार आहे, त्यांची नाही.

पैसे आले की

पैसे आले म्हणजे काम झालं असं नाही, पैसे उशिरा आणि हप्त्याने येतात, पहिल्या हप्त्याचा हिशोब दिल्याशिवाय दुसरा हलत नाही. हा हिशोब म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट, लोक नुसतं यूसी म्हणतात. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत त्याचा नमुना आहे, फॉर्म १२-ए. ज्या वर्षी पैसे आले ते आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत द्यायचं. उशीर केला की पुढचा हप्ता जातो आणि पुढची योजनाही अवघड होते.

आम्ही आता एक साधी पद्धत ठेवलीये. अनुदानाचं बँक खातं वेगळं, खर्च झाला त्याच दिवशी व्हाउचर, त्याला बिल स्टेपल. पाच हजारांच्या वर रोख दिले तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प. एकाच माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख द्यायचेच नाहीत, आयकराला ते चालत नाही. शिबिरात पोळ्या करणाऱ्या मावशींकडे बिल नसतं, मग साध्या कागदावर किती दिवस, किती पोळ्या, काय दर हे लिहून त्यांचा अंगठा आणि शेजारी साक्षीदाराची सही. असे कागद ऑडिटरने कधी नाकारले नाहीत, हरवलेली छापील बिलं मात्र नाकारली.

अनुदानातून घेतलेला प्रोजेक्टर, शिलाई मशिन, कपाट यांचं वेगळं रजिस्टर ठेवा आणि न विचारता विकू नका, ती वस्तू पूर्णपणे तुमची नसते.

आणि व्याज. खात्यात पैसे पडून राहिले की त्यावर जे व्याज येतं ते केंद्राच्या अनुदानात सरकारला परत करायचं असतं, हे आम्हाला यूसी भरताना कळलं. भारतकोष पोर्टलवर ऑनलाइन भरता येतं. आमचं व्याज आलं होतं ३१२ रुपये, आणि ते कोणत्या हेडखाली, म्हणजे सरकारच्या कोणत्या लेखाशीर्षाखाली भरायचं हे कळायला दिल्लीला तीन फोन लागले.