बोटीच्या डेकवर क्लीट, रेलिंग बसवताय? इपॉक्सीच्या या चुका टाळा

तापोळा-बामणोलीच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात आणि डागडुजीची कामं नेमकी तेव्हाच निघतात. इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर एकत्र कालवले की घट्ट होणारा भराव. तिच्या कामातली पहिली चूक इथेच होते. जूनपासून कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर हवा ओलीचिंब आणि डेकमधलं प्लायवूड त्याहून ओलं. अशा लाकडात ओतलेली इपॉक्सी वरून चकचकीत दिसते, पण आत धरत नाही. शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये एकेक बोट आळीपाळीने चार-पाच दिवस बाजूला काढा. पावसाळ्यातच करायचं असेल, तर बोट शेडमध्ये घ्या, जुने स्क्रू काढून भोकं उघडी ठेवा आणि हॅलोजनच्या उबेने लाकूड पूर्ण वाळल्याशिवाय रेझिनचा डबा उघडू नका.

एवढी काळजी कशासाठी? बऱ्याच फायबर बोटींच्या डेकमध्ये वर-खाली फायबरचे थर आणि मधे प्लायवूड असतं. क्लीटसाठी, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीसाठी, स्क्रू मारला की वरचा थर भेदला जातो. दोराला हिसके बसतात, क्लीट केसभर हलते, भोवतीचं सीलंट सुटतं आणि पाणी आत उतरतं. वरून काहीच दिसत नाही, आत मात्र प्लाय कुजत जातं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेकवर ठोकत जा. चांगल्या जागी टणटणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द येतो. खात्री हवी असेल तर भोकातून ड्रिल फिरवा आणि बिटाला काय लागून येतं ते बघा. कोरडा, फिकट भुसा आला तर ठीक. काळपट, ओला लगदा आला तर इपॉक्सी ओतून तो झाकू नका, तेवढा भाग कापून नवीन प्लाय बसवा.

बोल्टच्या मापाचं भोक

बोल्ट ८ मिमीचा म्हणून भोकही ८ मिमीचं, मग त्यात थोडी इपॉक्सी आणि वरून बोल्ट: हे सर्रास चालतं. त्यात लाकडाची कड उघडीच राहते. भोक आधी १४-१६ मिमीचं पाडा. खालून चिकटपट्टी लावा. ब्रशने पातळ इपॉक्सी लाकडाच्या कडेला पाजा, ते शोषून घेईल तेवढी. मग सिलिका पावडर घालून दाट केलेल्या इपॉक्सीने भोक पूर्ण भरा. मायक्रोबलून ही हलकी पावडर इथे वापरू नका. ती घासून सपाट करायच्या कामाला चांगली, पण बोल्टचा दाब सोसत नाही. किमान एक दिवस घट्ट होऊ द्या आणि मग मधोमध ८ मिमीचं भोक पाडा. आता बोल्टभोवती लाकूड नाही, इपॉक्सीचं कडं आहे. उद्या सीलंट फाटलं तरी पाणी प्लायपर्यंत पोचणार नाही.

नळाच्या गळतीसाठी घरोघरी असते ती इपॉक्सीची लांबी (पुट्टी) या कामाला घेऊ नका. ती घट्ट असते, लाकडाच्या धाग्यांत मुरतच नाही.

"हार्डनर जास्त टाक, लवकर सुकेल"

फायबरच्या कामात हात बसलेल्या कारागिरांकडून ही चूक हमखास होते आणि त्याला कारण आहे. पॉलिस्टर रेझिनमध्ये शेकडा एक-दोन भाग कॅटलिस्ट लागतो. तो थोडा वाढवला की रेझिन लवकर बसतं. इपॉक्सीत तसं नाही. तिथे हार्डनर स्वतःच रेझिनशी जोडला जातो. जास्त पडला तर उरलेला हार्डनर तसाच राहतो आणि भरलेलं कायमचं मऊ पडतं. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, तेही बघा. दोन्ही आकडे वेगळे असतात. छोटा डिजिटल काटा घ्या, अंदाजाने ओतू नका. मिश्रण निदान दोन मिनिटं ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून.

घाई असेल तर वेगवान हार्डनर वेगळा मिळतो. पण उन्हाळ्यात तो उलटतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की कामाचा वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावर २५ अंशांना ३० मिनिटं लिहिलं असेल तर मे महिन्यात सांगलीत दहा-बारा मिनिटं हातात राहतात. खोल भांड्यात जास्त मिश्रण ठेवलं तर ते तापून धूर सोडतं. थोडंथोडं कालवा, पसरट भांड्यात.

क्लीटच डेकला चिकटवून टाकणं

इपॉक्सी कडक असते. स्टील आणि डेक उन्हात सारखे फुगत नाहीत, म्हणून जोड तडकतो. क्लीटखाली लवचिक पॉलियुरेथेन सीलंट हवं. सिलिकॉन नको, त्याचा तेलकटपणा राहिला की पुढे तिथे रंगही धरत नाही. भोकाचं तोंड थोडं तिरकं कापा, म्हणजे बोल्टभोवती सीलंटचं जाड कडं राहतं. डेकखाली जाड पट्टी द्या, नुसता वॉशर पुरत नाही. कृष्णाकाठच्या गावांत पुरासाठी ठेवलेल्या बोटींना तर ही पट्टी हवीच हवी; पुरात घाबरलेला माणूस सगळा भार रेलिंगवर टाकतो. आवळताना वरचा बोल्ट धरून ठेवा आणि खालचा नट फिरवा, नाहीतर बोल्टभोवतीचं सीलंट सुटतं.

उघडी राहिलेली इपॉक्सी उन्हाने पिवळी पडून भुकटी होते, तिच्यावर रंग द्याच.

दोन दिवसांनीही हाताला चिकटतंय? थंडी असेल तर बल्बची ऊब देऊन बघा. तरी चिकट राहिलं तर प्रमाण चुकलंय. सगळं खरवडून काढून पुन्हा भरा. पण आत घट्ट आणि वर फक्त मेणचट थर असेल, तर दमट हवेचा तो परिणाम आहे. थिनरने तो नीट निघत नाही. पाणी आणि खरखरीत घासणीने धुवा, वाळवा आणि मगच सँडपेपर मारा. हातमोजे मात्र शेवटपर्यंत काढू नका. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की पुढे थोडासा स्पर्शही सोसत नाही.