छळ सोसणाऱ्या मंडळ्यांसाठी दान: या चुका टाळा

मिरज-सांगलीपासून वाई-पाचगणीपर्यंत कुठल्याही ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) हंगामाच्या सणाला किंवा नोव्हेंबरातल्या छळग्रस्तांच्या प्रार्थनेच्या रविवारी जाऊन बसा. पाळकसाहेब बायबलातलं इब्री १३:३ (बंदिवानांची आणि पीडितांची आठवण ठेवा) वाचतात, दानाची थैली फिरते, महिला मंडळ वेगळा डबा ठेवतं. पुढे ते पैसे एक तर भलत्याच खात्यात जातात, नाही तर खजिनदाराच्या कपाटात पडून राहतात. मनापासून देणारे भरपूर असतात. चौकशीला दोन दिवस थांबायची तयारी मात्र कुणाची नसते.

फॉरवर्ड वाचून थैली फिरवणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. "बौद्ध अतिरेक्यांनी काल रात्री भारतातल्या ऑलिसाबांग प्रांतात २० चर्च जाळली, आज रात्री आणखी २०० जाळणार, प्रार्थना करा" हा निरोप जगभर वर्षानुवर्षं फिरतो आहे. भारतात ऑलिसाबांग नावाचा प्रांतच नाही. कुणीतरी ओरिसाचं नाव मोडून-तोडून लिहिलं असावं आणि ते तसंच चिकटलं. परदेशी माणूस फसला तर समजू शकतं, पण इथे शाळेत भारताचा नकाशा रंगवलेली माणसं हा निरोप "अर्जंट" म्हणून तरुण संघाच्या ग्रुपवर टाकतात, तेव्हा कपाळाला हात लावावा लागतो.

त्याचाच भाऊ म्हणजे "अफगाणिस्तानात २२ मिशनऱ्यांना उद्या दुपारी देहदंड". जुलै २००७ मध्ये तालिबानने २३ दक्षिण कोरियन ख्रिस्ती स्वयंसेवकांचं अपहरण केलं होतं. दोघांना ठार मारलं, बाकीचे ऑगस्टअखेरपर्यंत सुटले. हे खरं आहे. पण निरोपात तारीख कधीच नसते, "आज" आणि "उद्या" एवढंच असतं, त्यामुळे तो शिळा होत नाही. वाईट असं की दोन-तीनदा फसलेली मंडळी खऱ्या वेळी खांदे उडवते. ऑगस्ट २००८ मधले ओडिशातल्या कंधमालचे ख्रिस्ती लोकांवरचे हल्ले खरे होते, ३ मे २०२३ नंतरचा मणिपूरचा हिंसाचारही खरा होता. मणिपूरबद्दल बोलताना तो निव्वळ धर्माचा झगडा आहे असंही सांगू नका. कुकी आणि मैतेई यांच्यातला तो वाद जमिनीचा आणि आरक्षणाचाही आहे, आणि मैतेई ख्रिस्ती लोकांचीही चर्च जळली आहेत.

तेव्हा चार गोष्टी विचारा: तारीख काय, जिल्हा कुठला, मंडळी कोणत्या पंथाची, आणि तिथला जबाबदार माणूस कोण. फोन करायचा तो निरोपात दिलेल्या नंबरवर नव्हे. आपल्या पंथाच्या कार्यालयातून नंबर मिळवा. एवढं कळेपर्यंत प्रार्थना करा, थैली मात्र फिरवू नका. दोन दिवस उशीर झाला म्हणून खऱ्या गरजवंताचं काही बिघडत नाही, कारण त्याची गरज दोन दिवसांत संपणारी नसते.

लिलावाची उधारी जमेला धरणं

हंगामाच्या सणाला हळद, बेदाणे, उसाची मोळी, वाघ्या घेवडा, एखादा कोंबडा असं सगळं वेदीपुढे येतं आणि उपासनेनंतर लिलाव होतो. डझनभर लिंबांना दोन हजारांची बोली लागते, टाळ्या पडतात. पैसे "पुढच्या रविवारी". खजिनदार उत्साहात माइकवरून सांगतो, "चाळीस हजार झाले, सगळे छळग्रस्तांना पाठवतोय." समजा, हाती आलेत तेवीसच. तिकडे हा आकडा फोनवर कळवून झालेला असतो. त्या भरवशावर तिथला पाळक तीन घरांच्या पत्र्यांची ऑर्डर देतो, आणि पावसाच्या तोंडावर दुकानदार त्याच्या दारात उभा राहतो. आधीच सर्वस्व गमावलेल्या माणसाच्या डोक्यावर आपण उधारी चढवली, तीही उपकारस्तुती करता करता.

हा रोग जुना आहे. करिंथ शहरातल्या मंडळीने वर्षभरापूर्वी गाजावाजा करून वर्गणी सुरू केली आणि ती अर्धवट ठेवली, म्हणून प्रेषित पौलाला "आता ते पुरंही करा" असं लिहावं लागलं (२ करिंथ ८:१०-११). दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवा, हे तो आधीच सांगून बसला होता (१ करिंथ १६:२).

लिलावाच्या वहीत दोन रकाने आखा, "बोललेले" आणि "आलेले". माइकवरून फक्त दुसरा रकाना वाचायचा. वहीशेजारी मंडळीच्या खात्याचा क्यूआर ठेवा. ऊसबिलाच्या वायद्यावर बोलणारे असतातच, त्यांच्या नावापुढे तारीख लिहून सही घ्या. आणि बोली वाढवायला आपसात ठरवून चढाओढ करणं बंद करा. शेवटी त्यात एखादी विधवा बाई लाजेखातर अडकते. द्यायचं ते आपल्या मनाने ठरवून, संतोषाने (२ करिंथ ९:७).

पैसा कुठून कसा जातो ते न पाहणं

एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर मंडळीचा पैसा पाठवू नका, तो कितीही मोठा सुवार्तिक असो. नोंदणीकृत ट्रस्टचं खातं, एनईएफटी, पावती, आणि पाठवण्याआधी पंचांचा (मंडळीच्या कार्यकारिणीचा) ठराव. आपला ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असेल, तर ऑडिटमध्ये हा खर्च दाखवावा लागतोच. पौलानेही वर्गणी नेताना सोबत मंडळ्यांनी नेमलेली माणसं घेतली, कुणी बोट दाखवू नये म्हणून.

मिरजेत नर्सिंग शिकून परदेशी स्थिरावलेली एखादी ताई म्हणते, "मी तुमच्या खात्यात टाकते, तुम्ही मणिपूरला पाठवा." थांबा. तिचा भारतीय पासपोर्ट कायम असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. तिने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) असूनही ठरते, आणि परकीय देणगी कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नसताना ते पैसे घेणं गुन्हा आहे. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. ताईंना सांगा, तिकडच्याच संस्थेमार्फत द्या.

उलट, इथून परदेशातल्या मंडळीला द्यायचं असेल तर रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवण्याची उदारीकृत योजना व्यक्तीसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. ज्याला द्यायचं त्याने स्वतःचा पॅन आणि ए-२ फॉर्म घेऊन बँकेत जावं. "ओळखीचा माणूस पोचवतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

बाकीच्या

जुने कपडे पाठवू नका. मिरज जंक्शनवरून गाठोडी रवाना करण्याच्या भाड्यात तिकडे नवी चादर येते.

पीडितांचे फोटो, गावाचं नाव, नव्याने विश्वासात आलेल्याचं पूर्ण नाव फेसबुकवर टाकू नका. प्रार्थनेच्या चिठ्ठीवर जिल्हा आणि आद्याक्षर पुरे. मोबाइलच्या मूळ फोटोत जागेची नोंद राहू शकते, तो बिनदिक्कत पुढे पाठवणाऱ्यांना हे सांगून आता कंटाळा आला.

"प्रभू, आम्ही त्यांच्यासारखे नाही म्हणून तुझे उपकार" अशी प्रार्थना लूक १८ मधल्या परूश्याला शोभते. थेस्सलनीकातल्या मंडळीने संकटात विश्वास टिकवला म्हणून पौल देवाचे उपकार मानतो. उपकारस्तुती त्यांच्याबद्दल करा, आपल्या सुरक्षिततेबद्दल नको.

एकदा देऊन हात झटकणं हीदेखील चूकच. कंधमालमध्ये स्वामी लक्ष्मणानंदांच्या खुनाच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या ७ ख्रिस्ती लोकांना सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळायला २०१९ उजाडलं. मागे राहिलेल्या घरांना तेवढी वर्षं शाळेची फी आणि किराणा लागतोच. म्हणून सणाला पंचवीस हजार एकदम देण्यापेक्षा दरमहा दोन हजारांचा ठराव करा, आणि खजिनदार बदलला तरी तो चालू राहील असं इतिवृत्तात लिहून ठेवा.