अ‍ॅप करून घेण्यापूर्वी: एका ऑर्डरचा माग काढून अ‍ॅप कसे समजून घ्यावे

धंद्यासाठी अ‍ॅप करून घ्यायचे ठरले की बहुतेक मालकांची पहिली बैठक रंग, बोधचिन्ह आणि खर्च या तीन विषयांतच संपते. पडद्यावर दिसते तेवढेच अ‍ॅप, असे वाटत असल्यामुळे हे घडते. प्रत्यक्षात फोनवर दिसतो तो दुकानाचा दर्शनी भाग असतो. वही, गल्ला आणि गोदामाची किल्ली दुसरीकडे असते. कोणती गोष्ट कुठे आहे आणि ती कोणाच्या ताब्यात आहे, एवढे मालकाला नीट कळले तर अ‍ॅप बनवणाऱ्याशी बोलताना त्याला अडायला होत नाही. त्यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही, कागद-पेन आणि तासभर वेळ पुरतो.

उदाहरण म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातून पुण्या-मुंबईच्या घरांत थेट हापूस पाठवणारा बागायतदार घेऊ. अशा एका बागेसाठी मी दोन हंगाम काम केले आहे, त्यामुळे पुढच्या अडचणी ऐकीव नाहीत.

पहिली पायरी: कागदावर तीन चौकोन काढावेत

पहिल्या चौकोनात ग्राहकाचा फोन लिहावा, दुसऱ्यात सर्व्हर म्हणजे सगळ्या नोंदी ठेवणारा दूरचा संगणक, आणि तिसऱ्यात पैसे व संदेश पोचवणाऱ्या बाहेरच्या सेवा. मग सदाशिव पेठेतल्या एका ग्राहकाने दोन डझनांची पेटी मागवली असे धरून, ती ऑर्डर कुठून कुठे जाते याच्या रेघा ओढाव्यात. हा कागद शेवटपर्यंत जवळ ठेवावा.

दुसरी पायरी: फोनमध्ये काय असते आणि काय नसते, हे पाहावे

ग्राहक प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरून जे उतरवून घेतो, त्यात पडद्यांची मांडणी, चित्रे आणि कोणते बटण दाबल्यावर काय करायचे याच्या सूचना असतात. आंब्याचा आजचा भाव त्यात नसतो, आणि नसावाच. भाव अ‍ॅपमध्येच लिहून टाकला, तर तो बदलताना दर वेळी अ‍ॅपची नवी आवृत्ती काढावी लागेल, स्टोअरकडून ती तपासून घ्यावी लागेल आणि मग प्रत्येक ग्राहक ती उतरवून घेईपर्यंत वाट पाहावी लागेल. कित्येक लोक महिनोन्‌महिने अ‍ॅप अद्ययावत करत नाहीत. म्हणून बनवणाऱ्याला पहिला प्रश्न असा विचारावा: भाव, शिल्लक माल आणि सुट्टीची सूचना मला स्वतःला, नवी आवृत्ती न काढता, बदलता येईल का?

फोन प्रत्येक अ‍ॅपला जणू एक स्वतंत्र खोली देतो. त्या खोलीबाहेरच्या वस्तूंना, म्हणजे कॅमेरा, संपर्कयादी किंवा ठिकाण यांना हात लावायचा असेल तर ग्राहकाची परवानगी लागते. अँड्रॉइडवर ही परवानगी प्रत्यक्ष वापराच्या वेळी मागण्याची पद्धत २०१५ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून आली, आणि २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून फोनवर सूचना (नोटिफिकेशन) दाखवण्यासाठीसुद्धा विचारावे लागते. आंबा विकणाऱ्याला ग्राहकाच्या संपर्कयादीचे काहीच काम नाही. नको ती परवानगी मागितली की ग्राहक बिचकतो, आणि त्याचे बिचकणे योग्यच असते.

तिसरी पायरी: सर्व्हरकडे वही म्हणून पाहावे

सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू असणारा, सहसा भाड्याने घेतलेला संगणक. परदेशी कंपन्यांची अशी केंद्रे मुंबईत आहेत, पुण्यातही आहेत. त्यावर डेटाबेस असतो, आणि ज्यांनी हाताने रोजकीर्द व खतावणी लिहिली आहे त्यांना डेटाबेस निराळा समजावून सांगावा लागत नाही. ग्राहकांचे एक खाते, मालाचे एक, ऑर्डरींचे एक, आणि प्रत्येक नोंदीला क्रमांक.

फोन आणि ही वही यांच्यात ठरावीक नमुन्यातल्या चिठ्ठ्यांची ये-जा होते. तंत्रज्ञ त्या व्यवस्थेला एपीआय म्हणतात. आपल्या ग्राहकाची चिठ्ठी थोडक्यात अशी असते: «माल: मध्यम हापूस, नग: दोन डझन, पिन कोड: ४११०३०, ग्राहक क्रमांक: ३१२.» सर्व्हर वही उघडतो, माल आहे का ते पाहतो, भाव लावतो, नोंद करतो आणि उलट चिठ्ठी धाडतो: «नोंद झाली, ऑर्डर क्रमांक: १०४७.» एवढ्या मजकुराला पोस्टकार्डाचा अर्धा भागही लागत नाही. पडद्यावर गोल फिरणारे चक्र दिसते, ते या उत्तराची वाट पाहत असते.

वर लिहिलेल्या चिठ्ठीत रक्कम नाही, याकडे लक्ष द्यावे. फोन ग्राहकाच्या हातात असतो, त्यामुळे त्यावरून आलेल्या आकड्यात फेरफार करणे जाणकार माणसाला कठीण नसते. बिलाची बेरीज फोनने करून पाठवली आणि सर्व्हरने ती डोळे झाकून मान्य केली, तर कोणी अठराशेची पेटी अठरा रुपयांना नेऊ शकतो. पडद्यावर रक्कम खुशाल दाखवावी, पण हिशेब सर्व्हरनेच करावा. हे लेखी मागून घ्यावे.

शेवटच्या पेटीचा प्रश्नही इथेच सुटतो. एकच पेटी उरली आहे आणि ठाण्याच्या व पुण्याच्या ग्राहकांनी एकाच क्षणी बटण दाबले, तर «माल आहे का» हे पाहणे आणि «एक वजा कर» ही नोंद करणे, या दोन गोष्टी सर्व्हरने एका दमात उरकायला हव्यात. मध्ये फट राहिली की दोघांनाही पेटी मिळाल्याचा निरोप जातो आणि एकाला फोन करून माफी मागावी लागते.

चौथी पायरी: पैशांची वाट नीट तपासावी

इथे मी मुद्दाम जास्त थांबतो, कारण ग्राहकाचा विश्वास सर्वांत लवकर तुटतो तो याच ठिकाणी.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे पैसे घेणे सोपे झाले. त्या सोपेपणामागचा क्रम मात्र लांब आहे. आपला सर्व्हर ऑर्डर तयार करतो आणि पेमेंट गेटवे म्हणजे वसुलीचे काम करणाऱ्या मध्यस्थ सेवेला कळवतो. ग्राहकाच्या फोनवर त्याचे यूपीआय अ‍ॅप उघडते. तो पिन टाकतो. दोन्हीकडच्या बँकांमध्ये व्यवहार होतो. आणि निकाल दोन वाटांनी परत येतो. एक वाट ग्राहकाच्या फोनकडे जाते, दुसरी गेटवेकडून थेट आपल्या सर्व्हरकडे.

पहिल्या हंगामात आम्ही फक्त पहिल्या वाटेवर विसंबलो. अक्षय्य तृतीयेच्या आधीचे दोन दिवस मागणीचा लोंढा होता, कारण अनेक घरांत त्या दिवसापासून आंबा खायला सुरुवात करतात. लोक लोकलमधून, लिफ्टमधून ऑर्डर देत होते. पिन टाकल्यावर रेंज गेली की पैसे खात्यातून जात, पण आमच्या अ‍ॅपला निरोपच मिळत नसे आणि ते «व्यवहार अयशस्वी» असे सांगून मोकळे होई. माणूस पुन्हा बटण दाबी आणि पुन्हा पैसे भरी. एका आजींचे दोनदा पैसे गेले होते, आणि वहीत त्यांच्या नावावर एकही पेटी नव्हती. त्यांनी फोनवर शांतपणे सगळे सांगितले. ते ऐकताना चूक आमची आहे हे मला पुरते कळले.

त्यानंतर आम्ही चार बदल केले, आणि ते कोणत्याही मालकाने पहिल्याच दिवशी मागावेत. पैसे आले की नाही याचा अंतिम शब्द गेटवेकडून थेट सर्व्हरला येणाऱ्या निरोपाचा मानावा. एका ऑर्डरला एकच क्रमांक द्यावा, म्हणजे बटण चारदा दाबले तरी वहीत नोंद एकच राहील. निकाल कळला नसेल तर «अयशस्वी» असे न लिहिता «पैशांची खात्री होत आहे, कृपया पुन्हा भरू नये» असे स्पष्ट मराठीत लिहावे. आणि रोज संध्याकाळी गेटवेची यादी व आपली वही यांचा मेळ घालावा. रोकड मोजल्याशिवाय जसा दुकानाचा गल्ला बंद करत नाहीत, तसाच हा नेम असावा.

कार्डाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक स्वतःकडे साठवता येत नाही, म्हणून तो आपल्या वहीत कुठेही उतरत नाही ना, हे विचारून घ्यावे.

पाचवी पायरी: निरोप कसे जातात ते समजून घ्यावे

फोनवर वरून सरकत येणारी सूचना आपला सर्व्हर थेट पाठवत नाही. ती गूगल किंवा अ‍ॅपलच्या यंत्रणेतून जाते. ती पोचेलच याची हमी नसते, कारण ग्राहकाने परवानगी नाकारलेली असू शकते किंवा फोन बंद असू शकतो. «पेटी उद्या सकाळी येत आहे» यासारखा महत्त्वाचा निरोप म्हणूनच एसएमएसनेही पाठवावा. त्यासाठी दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा नमुना आधी डीएलटी या व्यवस्थेत नोंदवावा लागतो. ओटीपीच्या मजकुरालाही हेच लागू आहे. नोंदणी हंगामाच्या तोंडावर सुरू केली तर अ‍ॅप तयार असूनही कोणाला आत शिरता येत नाही.

सहावी पायरी: अ‍ॅप खरेच हवे का, हे ठरवावे

हे मी सहाव्या क्रमांकावर ठेवले, कारण वरचा कागद काढल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. सर्व्हर आणि पैशांची वाट संकेतस्थळालाही लागतेच. अ‍ॅपमुळे वाढतो तो फक्त पहिला चौकोन. वर्षातून दोन-तीन महिनेच विक्री असेल आणि ग्राहक ठरलेले असतील, तर साधे संकेतस्थळ आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस यांवर पहिला हंगाम काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दूध, किराणा, औषधे असा रोजचा व्यवहार असेल तर अ‍ॅपचा खर्च भरून निघण्याची शक्यता जास्त असते. अँड्रॉइड आणि आयफोनसाठी दोन वेगळी अ‍ॅपे लिहिण्याऐवजी फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह ही अ‍ॅप लिहिण्याची साधने वापरून एकाच लिखाणातून दोन्ही काढता येतात, आणि लहान धंद्याला ते पुरते.

सातवी पायरी: किल्ल्या स्वतःच्या नावावर ठेवाव्यात

अ‍ॅपच्या प्रत्येक आवृत्तीवर एक गुप्त शिक्का उमटवलेला असतो. जुन्या आवृत्तीवरचा शिक्का आणि नव्या आवृत्तीवरचा शिक्का जुळला तरच फोन बदल स्वीकारतो. हा शिक्का किंवा स्टोअरचे खाते बनवणाऱ्याच्या नावावर असेल आणि तो काम सोडून गेला, तर आपलेच अ‍ॅप आपल्याला दुरुस्त करता येत नाही. म्हणून प्ले स्टोअरचे खाते (एकदाच २५ डॉलर), अ‍ॅपलचे खाते (दरवर्षी ९९ डॉलर), संकेतस्थळाचे नाव, सर्व्हरचे भाडेखाते आणि गेटवेचे खाते ही सर्व मालकाच्या ईमेलवर काढावीत आणि बनवणाऱ्याला त्यांत फक्त कामापुरता प्रवेश द्यावा. मूळ लिखाण, म्हणजे सोर्स कोड, आपल्या मालकीचे राहील हे करारात लिहावे आणि शेवटचा हप्ता ते हातात आल्यावरच द्यावा. यात अविश्वास नाही. घर बांधणाऱ्याकडून आपण नकाशा आणि किल्ल्या घेतोच.

खाते काढायलाही वेळ धरावा. प्ले स्टोअरवर नव्याने काढलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करवून घ्यावी लागते. ग्राहकाची कोणती माहिती घेतो हे स्टोअरवर जाहीर करावे लागते, आणि अ‍ॅपमध्ये खाते उघडता येत असेल तर ते पुसून टाकण्याची सोयही द्यावी लागते. आंब्यासारख्या प्रत्यक्ष वस्तूच्या विक्रीवर मात्र स्टोअर कमिशन घेत नाही.

आठवी पायरी: स्वतःच्या हाताने मोडून पाहावे

अ‍ॅप हाती आले की ते नीट चालते का हे पाहण्याआधी ते कुठे अडखळते हे शोधावे. ऑर्डर देताना मधेच विमान मोड लावावा. पैसे भरल्यावर लगेच अ‍ॅप बंद करावे आणि ऑर्डर वहीत दिसते का ते पाहावे. पत्त्यात «ज्ञानेश्वर», «श्रीकृष्ण» अशी जोडाक्षरे घालून डिलिव्हरीच्या चिठ्ठीवर ती कशी छापली जातात ते बघावे. आमच्याकडे पडद्यावर ठीक दिसणारे नाव छपाईत तुटून येत होते. घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, आणि अक्षरे मोठी करून वापरणाऱ्या ज्येष्ठ माणसाच्या हातात, अ‍ॅप एकदा द्यावे आणि मदत न करता शेजारी बसून पाहावे.

अ‍ॅप एकदा करून ठेवले की कायमचे चालत राहत नाही. नव्या अँड्रॉइडशी जुळवून घेण्याची अट गूगल दरवर्षी पुढे सरकवते, त्यामुळे वार्षिक देखभालीचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरावेत. हापूसवाल्यांनी ही देखभाल आणि आठव्या पायरीवरची सगळी तपासणी झाडाला मोहोर असतानाच, जानेवारीत उरकावी. फळ तयार झाले की बागेत कोणालाच फोनकडे बघायला उसंत नसते.