विज्ञानकथेतली आजी आणि तिला सांभाळणारी बाई

आजी आणि तिला सांभाळणारी बाई यांच्या मैत्रीवर विज्ञानकथा लिहायची असेल, तर कल्पित शोध एकच घ्या आणि तो शुश्रूषेतल्या एखाद्या ठरावीक कामाला भिडू द्या. समजा, विस्मरण होणाऱ्या आजीच्या आठवणी रात्रीपुरत्या त्या बाईच्या डोक्यात ठेवता येतात. लगेच तीन मर्यादा ठरवा: किती तास, कुणाच्या पैशाने, आणि ठेवून घेणारीचं काय झिजतं. मर्यादा सैल राहिल्या की शोधच सगळं निभावतो, दोघींना एकमेकींची गरज उरत नाही आणि कथा तिथेच बसते.

खरी मैत्री अंगमेहनतीत दिसते, म्हणून ती नीट शिकून घ्या. डावी बाजू लुळी असेल तर खुर्ची आजीच्या उजव्या हाताला, पलंगाला लागून किंचित तिरकी लावतात. ब्रेक आधी लावायचे, तळपाय जमिनीला टेकलेत का बघायचं, आजीच्या कमरेला बांधलेला पट्टा धरायचा आणि 'एक, दोन, तीन' म्हणत उठवायचं. लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढलं तर खांदा दुखावतो. सुरुवातीला ही मोजणी बाई करते. पुढे एका प्रसंगात आजीला करू द्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात. माकडहाडावरची लाली बोटाने दाबूनही फिकी झाली नाही, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. रात्री तीनला टॉर्च घेऊन ती लाली बघणाऱ्या बाईच्या तोंडी मायेचे संवाद घालावे लागत नाहीत.

पगार कथेतून गाळू नका. बारा तासांची ड्यूटी, बाईला काम मिळवून देणाऱ्या ब्यूरोचं कमिशन, परदेशातल्या मुलाने बसवलेला कॅमेरा, आणि सुट्टी मागताना वाटणारी धास्ती, हे सगळं मैत्रीच्या आतच असतं. आजीने दागिना दिला तर चोरीचा आळ बाईवर येणार. कथानकाला तो आळ हवा असेल तरच दागिना द्या. त्यापेक्षा आजीने बाईच्या मुलीची गणितं तपासून द्यावीत.

हाकही ठरवून ठेवा. बाई 'आजी, तुम्ही' म्हणेल, आजी मात्र बरेच दिवस 'अगं ए'वरच राहील. 4000 शब्दांच्या कथेत तिने बाईचं नाव पहिल्या निम्म्यात घेऊ नये.

सगळ्यात जास्त जागा एका प्रसंगाला द्या, साधारण दोन तृतीयांश कथा झाल्यावर: ठेवलेल्या आठवणींत आजीने पहिल्या आठवड्यात बाईबद्दल मनात आणलेलं सगळं वाईटही येतं. आजी ते विसरलेली, बाईला मात्र शब्दन् शब्द कळलेला. सकाळी तरी आजीला खुर्चीत बसवायचंच असतं. तो प्रसंग पट्टा, ब्रेक आणि मोजणीसकट, कुठलंही स्पष्टीकरण न देता लिहा.