शाळेत मुलांच्या मदतीला जाताय? या चुका टाळा

शाळा सुरू झाल्या की उत्साह ओसंडून वाहतो. चतुर्थीची सुट्टी लागते, मखर उतरतं, आणि शाळेत परत फिरणारे स्वयंसेवक निम्मेही उरत नाहीत. म्हणून पहिली चूक हीच: आठवड्यातून तीन दिवस येतो असं मुख्याध्यापकांना सांगून टाकणं. एकच दिवस सांगा, पण तो पाळा. वाट बघून कंटाळलेलं मूल पुढच्या माणसालाही जवळ करत नाही.

दुसरी चूक माझ्या हातून झाली. पाचवीच्या मुलांचं गणित कच्चं आहे असं समजून मी महिनाभर वजाबाकी घोटून घेतली. मुलं फळ्यावरची वजाबाकी झटक्यात सोडवायची, शाब्दिक उदाहरण आलं की गप्प. एकदा एका मुलाला पुस्तकातलं वाक्य वाचायला लावलं. किती नारळ 'लेफ्ट' आहेत, असा प्रश्न होता. तो म्हणाला, ''सर, डावीकडे किती ते कसं कळणार?'' अडचण गणितात नव्हतीच. घरी कोकणी, चौथीपर्यंत मराठी माध्यम आणि पाचवीत एकदम इंग्रजी, अशी उडी आपल्याकडे गोव्यात किती मुलं मारतात! तेव्हा आधी उदाहरण त्याच्या भाषेत त्याच्याकडूनच सांगून घ्या, मग आकडे मांडा. आणि ''कळ्ळें?'' असं विचारू नका. उत्तर ''हय, सर'' हेच येतं. ''आता तू मला शिकव'' म्हणा, खरं काय ते लगेच कळेल.

मूल बोलतच नसेल तर समोर बसून प्रश्नांचा मारा करू नका. शेजारी बसा, वहीला पुठ्ठा घालायला घ्या किंवा हळदीच्या पानातल्या पातोळ्या कशा करतात ते विचारा. हात कामात असले की तोंड उघडतं. ''आमच्या वेळी आम्ही चालत शाळेत जायचो'' हे पुराण मात्र घरीच ठेवा.

वर्गशिक्षिकेला वगळून काही करू नका. तिने शिकवलेली भागाकाराची रीत तुम्ही बदललीत तर गोंधळ मुलाचा होतो आणि राग तिला येतो, तोही रास्तच.

आता जिथे ढिलाई चालतच नाही ते. मुलाला एकट्याला बंद खोलीत शिकवू नका, गाडीवरून घरी सोडू नका, खासगीत व्हॉट्सअॅप नको, पैसे किंवा मोबाईल तर नकोच. ''कुणाला सांगणार नाही'' असं वचन कधीही देऊ नका. मुलाने लैंगिक छळाचं काही सांगितलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गोव्याचा स्वतःचा 2003 चा बाल कायदाही आहे. उलटतपासणी करू नका, मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, मुख्याध्यापकांना सांगा. तिथे टाळाटाळ झाली तरी पोलिसांना कळवायचंच, आणि मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन लावा.

एखादं मूल अचानक यायचं थांबलं की आपण लगेच ''रस नाही'' म्हणून मोकळे होतो. आधी विचारा तरी. सत्तरी तालुक्यातली एक मुलगी तीन शनिवार दिसली नाही. कारण इतकंच होतं की माझा तास संपेपर्यंत तिच्या गावची कदंब बस निघून जायची. तास अर्धा तास अलीकडे घेतला. चौथ्या शनिवारी ती पहिल्या बाकावर होती.